गाडी उंबरठ्याच्या आत घेताना

घराबाहेर गाडी लावायला जागा नाही, आणि जागा असली तरी भरवसा नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रात्र झाली की दुचाकी आत येते. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या पेठांत ती सोप्यात उभी राहते, मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात ढाळजेत, विदर्भात ओसरीत, कोकणात पडवीत. पुण्या-मुंबईच्या चाळींत आणि वस्त्यांत तर रात्री अंथरुणं पडतात त्याच खोलीत. यामागची कारणं खरी आहेत. हप्ते फिटायच्या आत गाडी चोरीला गेली तर कामावर जाणं, मुलांची शाळा, दूध-भाजी, सगळंच अडतं. रात्रीतून टाकीतलं पेट्रोल काढून नेणारे असतात, उंदीर वायरी कुरतडतात, कुत्री सीट फाडतात. २०१५ च्या जूनमध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात एका रात्रीत सोसायट्यांमधल्या दुचाक्या डझनांनी पेटवल्या गेल्या. अशी बातमी वाचलेल्या माणसाला गाडी डोळ्यांसमोर असावी असं वाटलं, तर त्याचं काय चुकलं?

म्हणून ‘गाडी घरात ठेवूच नका’ एवढंच सांगणं मला पटत नाही. ज्याला दुसरी सोय नाही त्याच्या तो सल्ला उपयोगाचा नाही. पण गाडी आत येते तेव्हा तिच्याबरोबर पाच-दहा लिटर पेट्रोल किंवा एक भारलेली बॅटरी आत येते, आणि तीही माणसं झोपलेली असताना. तेव्हा माझं सांगणं असं की गाडीची जागा ठरवण्याआधी घरातल्या माणसांची बाहेर पडायची वाट ठरवा. उरलेली सगळी काळजी त्यानंतरची.

त्याआधी एकदा बाहेरच्या बाजूचा शांतपणे विचार करा. बऱ्याच घरांना जोत्यालगत दोन-अडीच फुटांची स्वतःची पट्टी असते, किंवा बाजूचा बोळ असतो. तिथे भिंतीत काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली लोखंडी कडी, जाड साखळी, चांगलं कुलूप आणि पुढच्या चाकाला डिस्क लॉक, एवढ्यावर बहुतेक चोर दुसरीकडे वळतात. वर पत्र्याची उतरती शेड आणि समोर जाळीचं फाटक करता आलं तर पाऊस आणि कुत्री दोन्हींचा प्रश्न सुटतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून हे एकदाच करून घ्यायचं काम आहे. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून बोळाला एक फाटक लावलं तर खर्चही वाटला जातो. एवढं करूनही जमत नसेल तर गाडी आत घ्या, आणि पुढचं वाचा.

दार आणि गाडी

जुन्या घरांत गाडी साधारणपणे पुढच्या दाराच्या अगदी आत उभी असते. ढकलायला सोपं, म्हणून ती तिथे. पण त्या घराला तेवढं एकच दार असेल तर ही सगळ्यात वाईट जागा आहे. गाडी पेटली तर आग दारातच असते आणि माणसं तिच्या पलीकडे. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला असंच घडलं. चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर पेटली आणि घरातले वडील व मुलगी धुरात गुदमरून गेले. पेट्रोलच्या गाडीचंही वेगळं नाही. टाकी, सीटचा फोम, टायर, प्लास्टिकचे पॅनेल यांचा धूर काळा आणि विषारी असतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो काही मिनिटांत छतापासून कमरेपर्यंत उतरतो. त्यात माणूस ज्वाळेने भाजण्याआधी श्वास कोंडून पडतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत गोरेगावच्या एका पुनर्वसन इमारतीत पहाटे आग लागली. तळमजल्यावर वाहनं होती, शेजारी चिंध्या-कपड्यांचे ढीग साठवलेले होते. धूर जिन्यातून वर चढला आणि वरच्या मजल्यांवर झोपलेल्या लोकांचे प्राण गेले. तिथे गाड्या कुणाच्या खोलीत नव्हत्या, जिन्याच्या तोंडाशी होत्या. म्हणजे ‘आम्ही गाडी घरात घेत नाही, जिन्याखाली लावतो’ असं म्हणणारे त्याच धोक्यात आहेत. जिना ही इमारतीतल्या सगळ्यांची वाट आहे. तिथे गाडी, आणि गाडीच्या बाजूला जुन्या गाद्या, रद्दी, मंडपाचं कापड हे सगळं एकत्र येऊ देऊ नका. सोसायटीच्या सभेत हा विषय काढायला संकोच वाटला तरी काढा.

तेव्हा आज घरात उभं राहून पाहा. गाडीच्या जागी आग आहे असं धरा. प्रत्येक झोपणारा माणूस कुठून बाहेर पडेल? परसदार असेल तर तिथे रचलेली पोती, पिंपं, मोडकी सायकल हलवा आणि ते दार रोज उघडून बंद करा, म्हणजे कडी गंजून बसत नाही. परसदार नसेल तर खिडकीच्या ग्रिलला उघडणारी चौकट करून घ्या, इतकी मोठी की मोठा माणूस त्यातून जाईल. आपल्याकडे ग्रिल चोरासाठी बसवतात आणि आतला माणूस त्यात अडकतो. कोलॅप्सिबल दाराला रात्री आतून कुलूप लावत असाल तर किल्ली दाराजवळच, पण बाहेरून हात न पोचणाऱ्या खिळ्याला टांगा. ती जागा घरातल्या लहान मुलालाही ठाऊक हवी. दुसरी वाट कोणत्याही उपायाने होणारच नसेल, तर त्या घरात गाडी आणू नये असं मी स्पष्ट सांगेन. तिथे बाहेर साखळी, आणि चोरीचा विमा.

वाट आहे पण खोली एकच, असं असेल तर गाडी दारासमोर आडवी न लावता बाजूच्या भिंतीला समांतर लावा. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलची लांबी सुमारे दोन मीटर आणि हँडलची रुंदी सत्तर सेंटीमीटरच्या आसपास असते. स्कूटर थोडी आखूड. दहा फुटी खोलीत भिंतीलगत ती उभी केली तरी माणसाला सरळ चालत जाण्यापुरती तीन फुटांची मोकळी पट्टी उरते. ती पट्टी चपला, पाण्याचे हंडे, मुलांची दप्तरं यांनी भरू देऊ नका. आणि अंथरूण गाडीच्या पायथ्याशी नको, सगळ्यात लांबच्या टोकाला हवं.

पेट्रोल टाकीत असतं आणि जमिनीवरही असतं

पेट्रोल आपल्याला द्रव म्हणून ठाऊक आहे, पण घरात धोका असतो तो त्याच्या वाफेचा. ही वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी सुटते, मग आपल्या हवेत तर ती कायम सुटणारच. हवेपेक्षा ती तीन-चार पट जड असते, म्हणून वर जाऊन निघून जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखी ती जमिनीलगत पसरते, उतार शोधते आणि उंबरठ्याच्या खालच्या फटीतून पुढच्या खोलीत शिरते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली तरी ठिणगीने पेटते.

आता आपल्या घरात जमिनीलगत काय काय असतं ते आठवा. देवघर बऱ्याचदा पुढच्याच खोलीत असतं आणि समई, निरांजन जमिनीवर किंवा पाटावर तेवत असते. डासांची कॉइल रात्रभर फरशीवर धुमसत असते. फ्रिजचा कॉम्प्रेसर खालीच असतो आणि तो सुरू-बंद होताना ठिणगी पडू शकते. इन्व्हर्टरही कोपऱ्यात खालीच ठेवलेला असतो. काही घरांत गॅसची शेगडी जमिनीवर मांडलेली असते, मोरीत गॅस गिझर असतो. गाडी ज्या खोलीत आहे तिथे यातलं काहीही नको. देवघर हलवायला घरची वडीलधारी माणसं तयार नसतील, आणि त्यांचं म्हणणं मला समजतं, तर गाडी असेपर्यंत तिथे तेलाचा दिवा लावू नका आणि सांजवात गाडी आत घेण्याआधी करा. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. खोलीत सिगारेट-बिडी नाही, हे पाहुण्यांनाही सांगा.

वाफ सगळ्यात जास्त सुटते ती गाडी फिरून आल्यानंतरच्या पहिल्या काही वेळात, कारण इंजिन तापलेलं असतं आणि त्या उष्णतेने इंधन उकळायला लागतं. म्हणून बाहेरून आल्या आल्या गाडी आत घेऊ नका. ती दाराबाहेर अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या, जेवणं उरका, मग आत घ्या. सायलेन्सरही तोवर निवतो. रांगत्या-धावत्या मुलांचे पाय सायलेन्सरला भाजण्याचे प्रकार घराघरांत होतात आणि गरम सायलेन्सरला टेकलेला पडदा किंवा प्लास्टिकची पिशवी धुमसायला लागते.

प्रदूषणाच्या बीएस ४ मानकापासूनच्या दुचाक्यांना टाकीची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो आणि १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बहुतेक बीएस ६ गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे नव्या गाडीला वास कमी येतो. कमी येतो म्हणजे येत नाही असं नव्हे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला मात्र टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. तो रात्री बंद करायची सवय लावा. कार्ब्युरेटरमधली सुई झिजली की पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब गळत राहतं आणि रात्रभरात खोली वाफेने भरून जाते. टाकी काठोकाठ भरून गाडी आत आणू नका. उन्हाळ्यात पेट्रोल प्रसरण पावतं आणि साइड स्टँडवर कलती गाडी झाकणातून पाझरते. शक्य असेल तिथे डबल स्टँडवर लावा. महिन्यातून एकदा टाकीचं झाकण, त्याचं रबर, पेट्रोलची नळी आणि तिच्या क्लिपा बोट फिरवून तपासा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या गाडीची जुनी रबरी नळी कडक होऊन तडकू शकते. पन्नास-शंभर रुपयांच्या नळीसाठी थांबू नका.

वाफ खाली बसते म्हणून तिला बाहेर जायची वाटही खालीच हवी. गाडीच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीत फरशीपासून वीतभर उंचीवर नऊ इंची जाळी बसवून घ्या, उंदीर येऊ नयेत म्हणून बारीक तारेची. समोरच्या भिंतीत वर एक झरोका असेल तर हवा खेळती राहते. पावसाळ्यात ही जाळी कापड कोंबून बंद करू नका. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. बीएस ६ च्या पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत असू शकतं. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. एखाद्या रात्रीच्या वासाने काही होत नाही, पण वर्षानुवर्षं त्याच खोलीत झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आणि पाळण्यातल्या बाळासाठी ही जाळी लावून घ्या.

आणि एक गोष्ट मला फार खटकते. गवत कापायच्या यंत्रासाठी, फवारणीच्या पंपासाठी किंवा ‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून पाण्याच्या बाटलीत भरलेलं पेट्रोल कोनाड्यात ठेवलेलं असतं. ते घरात नकोच. तहानलेल्या माणसाने अंधारात अशी बाटली तोंडाला लावल्याचे प्रकार होतात.

इंजिन आत सुरू करायचं नाही

सकाळी गाडी घरातच स्टार्ट करून, थोडी गरम करून, मग फळीवरून खाली उतरवायची पद्धत दिसते. ती सोडा. थंड इंजिन सुरू होताना सगळ्यात घाण धूर सोडतं, कारण सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. दार उघडं आहे म्हणून चालेल असं समजू नका, कारण वारा आत येणारा असेल तर धूर माजघरात जातो. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, तर ती आधी हवा बिघडल्याची खूण समजा. सगळ्यांना उघड्यावर न्या आणि १०८ ला फोन करा.

इंजिन न लावता गाडी वर चढवायची तर फळी नीट हवी. जोतं दीड फूट उंच आणि फळी तीन फुटांची, असं असतं तेव्हाच माणसं इंजिनचा जोर लावतात. फळी जोत्याच्या उंचीच्या निदान चार-पाच पट लांब असावी. लाकडी फळी पावसात निसरडी होते. नक्षीदार लोखंडी पत्र्याचा, मधोमध दुमडणारा रॅम्प करून घ्या आणि त्याच्या वरच्या टोकाला उंबरठ्यामागे अडकणारा आकडा ठेवा, म्हणजे ऐन वेळी तो सरकत नाही. काम झालं की तो उचलून आत घ्या. रस्त्यावर कायमचा सिमेंटचा उतार बांधला तर ते अतिक्रमण होतं आणि पावसाचं पाणीही अडतं.

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी एकशे दहा किलोच्या आसपास असते, ती एकटा माणूस चढवतो. बुलेटच्या जातीची गाडी दोनशे किलोच्या घरात जाते. ती चढवताना मागून एक जण हवाच. सकाळी मागे-मागे उतरवताना चालत्या माणसाचा पाय मागच्या ब्रेकपर्यंत पोचत नाही. अशा वेळी इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला आणि क्लच दाबून हळूहळू सोडा. क्लच सोडला की मागचं चाक अडकतं, दाबला की सरकतं. पोटुशी बाई, पाठीचं दुखणं असलेला माणूस, सत्तरीचे आजोबा यांनी हे काम करू नये, रोजची सवय असली तरी.

बॅटरीची गाडी

इलेक्ट्रिक स्कूटरला पेट्रोल नाही, धूर नाही, म्हणून ती घरात सुरक्षित, असा समज पसरला आहे. दिवसभर उभी असलेली, चार्जिंगला न लावलेली, चांगल्या स्थितीतली ई-स्कूटर खरोखरच पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी त्रासाची आहे. धोका चार्जिंगच्या तासांत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे काही दिवसांनी गेला. बॅटरी काढून घरात आणता येते ही सोय म्हणून विकली जाते. त्या सोयीने ती थेट झोपण्याच्या खोलीत पोचते.

लिथियमच्या बॅटरीतल्या एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला की तो तापतो, त्याची उष्णता शेजारच्या सेलला तापवते, आणि ही साखळी एकदा सुरू झाली की बाहेरून हवा तोडून ती थांबत नाही. आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबते, पण बॅटरी पुन्हा पेटते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात, ते फुप्फुसं जाळतात. म्हणून बॅटरी फुसफुसायला लागली, पांढरा दाट धूर आला, तर ती उचलून बाहेर टाकायचा प्रयत्न करू नका. माणसं बाहेर काढा, मागे दार ओढून घ्या, शक्य असेल तर बाहेरून मेन स्विच बंद करा, १०१ ला कळवा आणि ‘लिथियमची बॅटरी आहे’ हे सांगा.

हे घडू नये म्हणून सवयी बदलायला हव्यात. चार्जिंग संध्याकाळी घरात जाग असताना करा, झोपताना प्लग काढा. स्कूटर फिरवून आणल्यावर बॅटरी निवेपर्यंत चार्जर जोडू नका. चार्जर आणि बॅटरी फरशीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर ठेवा. गादी, सतरंजी, लाकडी कपाटाचा तळ या जागा चालत नाहीत. बाहेर पडायच्या वाटेत तर नकोच. कंपनीने दिलेलाच चार्जर वापरा. दिसायला सारखा आणि पिन बसते म्हणून दुसऱ्याचा लावू नका. बॅटरी पडली, पुराच्या पाण्यात बुडाली, फुगली किंवा तिला गोडसर, रसायनासारखा वास यायला लागला तर ती चार्ज न करता उघड्यावर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला बोलवा.

जुन्या घरांची वायरिंग हा वेगळाच प्रश्न आहे. टेबलफॅनच्या पाच अँपियरच्या पॉइंटला एक्स्टेन्शन, त्याला दुसरं एक्स्टेन्शन आणि त्याला चार्जर, अशी जोडणी करू नका. वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र वायर, सोळा अँपियरचा पॉइंट, वेगळा एमसीबी आणि तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी घालून घ्या. अर्थिंग खरंच आहे का ते त्याच्याकडून मोजून घ्या. तीन पिनांचा सॉकेट असला म्हणजे मागे अर्थिंग असतंच असं नाही.

२०२२ च्या आगींनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. एआयएस १५६ या मानकातल्या सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अखेर अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्याआधीची स्कूटर असेल, किंवा गॅरेजमध्ये जोडून दिलेली बॅटरी असेल, तर जास्त सावध राहा. ताशी पंचवीस किलोमीटर वेगमर्यादेच्या, नंबरप्लेट नसलेल्या स्वस्त स्कूटरबाबतही तेच. अशी स्कूटर घरात चार्ज करू नये असंच मी म्हणेन.

फरशी

फरशीबद्दल थोडक्यात. शहाबादी आणि कोबा गाडीला पुरून उरतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर मात्र साइड स्टँडचं टोक सगळं वजन एका बिंदूवर आणतं आणि टाइल तडकते, शिवाय ओल्या टायरवर गाडी घसरते. खाली जाड रबरी मॅट किंवा नक्षीदार पत्रा टाका. ऑइल गळत असेल तर पत्र्याचा ट्रे ठेवा. त्यात भुसा घातलात तर तो तेलकट झाल्यावर घराबाहेर काढा. जुन्या वाड्याच्या लाकडी पाटणीच्या मजल्यावर, तळघरावरच्या फळ्यांवर गाडी नेऊ नका.

मोटार आणि घर

मोटारीचा प्रश्न बंगले आणि रो-हाउसमध्ये येतो. तिथे पार्किंग घराला चिकटलेलं असतं आणि त्यातून सरळ स्वयंपाकघरात किंवा जिन्यात दार उघडतं. त्या दाराकडे नीट लक्ष द्या. ते भरीव असावं, चौकटीला रबराची पट्टी असावी आणि ते आपोआप मिटेल अशी स्प्रिंग असावी. गाडीच्या जागेची फरशी घराच्या फरशीपेक्षा चार-सहा इंच खाली आणि उतार बाहेरच्या शटरकडे ठेवा, म्हणजे सांडलेलं पेट्रोल किंवा साचलेली वाफ घरात येत नाही. घर बांधताना हे फुकट होतं, नंतर करायला महाग पडतं. गॅरेज चिकटलेल्या घरांच्या आतल्या हवेत बेंझीन जास्त सापडतं, हे परदेशांतल्या अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

आपल्याकडे पार्किंगच्या खालीच पाण्याची टाकी बांधायची पद्धत आहे. दोन गोष्टी बघा. एक, टाकीचा स्लॅब मोटारीच्या वजनासाठी काढलेला आहे का. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून काढतात. छोट्या मोटारीचं वजन आठशे किलोच्या आसपास असतं आणि ते चार तळहाताएवढ्या जागांवर, पुढच्या दोन चाकांवर जास्त, असं येतं. म्हणून हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारा. दोन, टाकीचं झाकण गाडीखाली असेल तर ते उंच कडेचं, घट्ट बसणारं आहे का. ऑइल-पेट्रोल पिण्याच्या पाण्यात जायला वेळ लागत नाही.

सीएनजीचं पेट्रोलच्या उलट आहे. तो हवेपेक्षा हलका, म्हणून गळला तर छताखाली साचतो. सीएनजी मोटार असेल तर झरोका छतालगत हवा. जुलै २०२४ मध्ये बजाजने फ्रीडम १२५ ही सीएनजीची मोटारसायकल आणली. तिच्यात पेट्रोलची छोटी टाकीही असते, म्हणजे अशी गाडी आत ठेवणाऱ्यांना खाली आणि वर दोन्हीकडे हवा हवी. एलपीजी किट मात्र पेट्रोलसारखंच, जड आणि खाली बसणारं. मोटारीतल्या सीएनजी सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट चुकवू नका.

हायब्रीड आणि बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारींत एक नवीन धोका आला आहे. गाडी बॅटरीवर शांत उभी असते, आपण ती बंद केली असं समजून आत जातो, आणि बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. शटर बंद, रात्रीची वेळ, आणि वर झोपण्याच्या खोल्या. डॅशबोर्ड अंधारला का ते पाहिल्याशिवाय गाडीतून उतरू नका. अशा घरात झोपण्याच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवाच. बंद पार्किंगमध्ये मोटारीचा एसी लावून झोपू नका, थकवा कितीही असला तरी.

नुसत्या शोभेसाठी ठेवलेली गाडी

पुण्या-कोल्हापुरात जुन्या गाड्यांचे शौकीन खूप आहेत. म्हैसूरला बनलेली जावा-येझदी, यामाहा आरएक्स १००, वडिलांची चेतक नीट रंगवून दिवाणखान्यात ठेवलेली पाहायला मिळते. अशा गाडीत पेट्रोल ठेवायचं कारणच नाही. पण टाकी रिकामी केली की काम झालं असं नाही. तळाशी राहिलेल्या ओलाव्याची वाफ बंद टाकीत साचते आणि भरल्या टाकीपेक्षा ती जास्त स्फोटक असू शकते. मेकॅनिककडून टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही काढून घ्या, टाकी धुऊन झाकण उघडं ठेवून बाहेर सावलीत वास पूर्ण जाईपर्यंत सुकवा, आत गंज धरू नये म्हणून तेलाचा हात द्या. बॅटरी काढून ठेवा. जुन्या ॲसिडच्या बॅटरीला बंद खोलीत चार्जर लावला तर हायड्रोजन सुटतो. टायर चपटे पडू नयेत म्हणून गाडी डबल स्टँडवर घ्या आणि पुढचं चाकही उचललेलं राहील असा इंजिनखाली ठोकळा द्या.

आता पुन्हा रोजच्या गाडीकडे. ज्या घरात गाडी रात्री आत असते तिथे आग विझवायचा, आयएसआय खुणेचा एबीसी पावडरचा चार-सहा किलोचा सिलिंडर हवा. तो गाडीजवळ नको, झोपण्याच्या खोलीच्या दाराशी टांगा, आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते अधूनमधून बघा. पेटत्या पेट्रोलवर पाणी टाकायचं नाही, जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. सिलिंडरने काही सेकंदांत आटोक्यात आली नाही तर आग सोडून बाहेर पडा. गाडी वाचवायला परत आत जाऊ नका.

पहाटे जाग आल्यावर पेट्रोलचा तीव्र वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, पंखा लावू नका, चालू असेल तर तो बंदही करू नका. मोबाइलचा टॉर्च लावायचा असेल तर तो आधी दुसऱ्या खोलीत लावून या. सगळ्यांना उठवून बाहेर काढा, मग दारं-खिडक्या पूर्ण उघडा. वाफ जाईपर्यंत थांबून गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली न लावता, ढकलत रस्त्यावर आणा. सांडलेल्या पेट्रोलवर माती किंवा वाळू टाका, ती केरसुणीने पत्र्यावर भरून घराबाहेर काढा. मोरीत पाणी ओतून ते गटारात ढकलू नका, कारण तीच वाफ चार घरं पुढच्या मोरीतून वर येते. फिटरने गळती काढून दिल्याशिवाय ती गाडी पुन्हा आत घेऊ नका. तोवर तिला बाहेरच्या कडीला साखळी लावा.